विचार एक, भांडणं अनेक

यंदाच्या गणेशोत्सवात इंदूरच्या एका मराठी वसाहतीतल्या व्याख्यानमालेत वक्त्यांनी विषय घेतला होता, ‘वैचारिक ऐक्य हेच खरं ऐक्य’. वक्ते अभ्यासू, बोलणं ओघवतं, टाळ्याही भरपूर पडल्या. त्यांचं म्हणणं असं की जात, भाषा, प्रांत आणि पैसा माणसांना फोडतात, आणि त्यांना जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे समान विचारधारा. ती मनामनांत रुजली की बाकीचे भेद आपोआप गळून पडतात. प्रश्नोत्तरांत एक निवृत्त प्राध्यापक उठले आणि म्हणाले, विचारधारा वगैरे सगळं वरवरचं आहे. माणूस टोळी करून राहणारा प्राणी, तो भांडणारच. झालं, सभागृहात दोन तट पडले. नंतर हा वाद मोबाइलवर, बारशा-मुंजीत, अगदी सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाता खातासुद्धा चालू राहिला. ऐक्यावरच्या व्याख्यानाने एवढी फूट पाडावी ह्यात गंमत आहेच, पण माझी तक्रार वेगळी आहे. दोन्ही बाजू एकच गोष्ट धरून चालल्या आहेत, की भांडणाचं मूळ माणसाच्या डोक्यात असतं. एक म्हणतो डोकं बदला, दुसरा म्हणतो ते बदलत नाही. डोक्याबाहेर वतनं आहेत, वारसा आहे, थकलेले पगार आहेत, किल्ल्या आहेत, ह्याकडे कुणी बघायला तयार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. समान विचाराने माणसं एकत्र येतात, पण एकत्र राहत नाहीत. एकत्र राहायला वाटणीची, हिशेबाची आणि मतभेद निकालात काढायची ठरलेली रीत लागते. ती रीत असेल तर विचार वेगवेगळे असूनही निभतं. ती नसेल तर विचार एक असूनही डोकी फुटतात. उलट विचार एक असला की भांडण जास्तच कडवं होतं.

वक्त्यांचं मुख्य उदाहरण मराठेशाहीचं होतं. स्वराज्याचा विचार विसरला म्हणून मराठे बुडाले, असं त्यांनी सांगितलं. होळकरांच्या गावात तरी हे वाक्य जरा जपून बोलायला हवं होतं. १८०१-०२ मध्ये पेशवे, शिंदे आणि होळकर ह्यांच्यात विचारांचा नेमका कोणता फरक होता? छत्रपती तेच, धर्म तोच, भाषा तीच, सणवार तेच, पत्रांचे मायनेसुद्धा त्याच मोडीतले. यशवंतराव होळकर पुण्यावर चालून गेले तेही पेशवाई नाकारून नव्हे. आपण पेशव्यांचेच सरदार आहोत, आपल्याला न्याय मिळावा, हीच त्यांची मागणी होती. मग भांडण कशाचं होतं? १७९७ मध्ये तुकोजीराव होळकर वारले आणि दौलतीचा वारस त्यांच्या मुलांपैकी काशीराव की मल्हारराव, हा प्रश्न उभा राहिला. दौलतराव शिंद्यांनी काशीरावांची बाजू घेतली, पुण्यात छापा घातला आणि त्यात मल्हारराव मारले गेले. त्यांचे भाऊ यशवंतराव आश्रयाला नागपूरला गेले, तर तिथे भोसल्यांनी त्यांना कैदेत टाकलं. एप्रिल १८०१ मध्ये यशवंतरावांचे भाऊ विठोजी ह्यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. जुलैत यशवंतरावांनी उज्जैनला शिंद्यांची फौज मोडली. ऑक्टोबरात शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे ह्यांनी इंदूर लुटलं. हेच आमचं इंदूर. पुढच्या वर्षी ऐन दिवाळीत, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, हडपसरला होळकरांनी पेशवे आणि शिंदे ह्यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. पेशवे दुसरे बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला वसईत इंग्रजांशी तह करून मोकळे झाले. १८०३ मध्ये असई-अडगावला शिंदे आणि भोसले लढत असताना होळकर बाजूला राहिले. १८०४ मध्ये होळकर लढायला उभे राहिले तेव्हा शिंदे तहाने बांधलेले होते. बडोद्याचे गायकवाड तर १८०२ मध्येच इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते. तिथेही कारण काय? घरातला गादीचा वाद आणि अरब शिबंदीचे थकलेले पगार.

ह्यावर कुणी म्हणेल, हेच तर आम्ही सांगतोय, स्वार्थाने विचारावर मात केली. मग एक साधा प्रश्न विचारतो. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाविरुद्ध शिंदे, होळकर, भोसले, पेशवे सगळे एका बाजूने उभे होते. त्यानंतर जेमतेम सात वर्षांत हेच सरदार एकमेकांच्या राजधान्या लुटत होते. सात वर्षांत कुणाचा धर्म बदलला? कुणी स्वराज्याविरुद्ध नवा पंथ काढला? आणि स्वार्थ काय १७९५ मध्ये नव्हता? जे दोन्ही वेळी सारखंच होतं, त्यावर फरकाचं खापर कसं फोडता येईल? बदललं होतं ते निराळंच. सवाई माधवराव १७९५ मध्येच गेले, गादी कुणाची ह्यावर पुण्यात कारस्थानं सुरू झाली, १८०० मध्ये नाना फडणीस गेले, आणि ज्याचा निवाडा नाखुशीने का होईना सगळे मानतील असं ठिकाणच उरलं नाही. माळव्यातल्या महसुलाचे हिस्से पहिल्या बाजीरावाच्या काळापासून शिंदे, होळकर आणि पवार ह्यांच्यात असे गुंतलेले होते की कटकटीला निमित्त शोधावं लागत नसे. १७९३ मध्ये लाखेरीला शिंदे-होळकरांच्या फौजा समोरासमोर लढल्याच होत्या. नानांसारखा कारभारी असेपर्यंत ती कटकट कशीबशी आवरता येत होती. एका माणसावर अवलंबून असलेली रीत त्या माणसाबरोबर गेली, हे मराठेशाहीचं खरं दुखणं. ह्याच यशवंतरावांनी पुढे नागपूरकरांना एकीसाठी पत्रं लिहिली. पत्रातला विचार उत्तम होता. उपयोग काय झाला?

आपल्याकडचं सोडा, विसाव्या शतकात हा प्रयोग जगभर झाला. युरोपातल्या समाजवादी पक्षांचा विचार एवढा स्पष्ट होता की त्यात पळवाट सापडणं अवघड. कामगाराला देश नसतो, भांडवलदारांच्या युद्धात कामगारांनी कामगारांवर गोळी झाडायची नाही. १९१२ मध्ये बाझेल शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये देशोदेशीचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी युद्धाविरुद्ध एकमुखाने जाहीरनामा काढला. दोन वर्षांनी, ४ ऑगस्ट १९१४ रोजी, जर्मन संसदेत त्याच विचाराच्या सर्वांत मोठ्या पक्षाने युद्धखर्चाच्या बाजूने मत दिलं. फ्रान्समध्ये युद्ध टाळण्यासाठी धडपडणारे समाजवादी नेते झां झोरेस चारच दिवस आधी खुनाला बळी पडले होते, आणि त्यांचे सहकारीही सरकारमागे उभे राहिले. पुढे कम्युनिस्ट राष्ट्रं झाली. तिथे तर पक्षही एक आणि पोथीही एक. मार्च १९६९ मध्ये सीमेवरच्या उसुरी नदीतल्या एका बेटावरून सोव्हिएत आणि चिनी सैनिकांनी एकमेकांना मारलं. डिसेंबर १९७८ मध्ये कम्युनिस्ट व्हिएतनाम कम्युनिस्ट कंबोडियात घुसला आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये कम्युनिस्ट चीनने व्हिएतनामवर हल्ला केला. धर्माच्या पायावर उभ्या राहिलेल्या पाकिस्तानचंही तेच. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत सर्वसाधारण ३०० पैकी १६० जागा पूर्व पाकिस्तानातल्या अवामी लीगला मिळाल्या, स्पष्ट बहुमत. ती मोजणी मान्य करून संसद बोलवायची, एवढंच करायचं होतं. ते केलं नाही, आणि एका धर्माच्या माणसांनी आपल्याच धर्माच्या माणसांची कत्तल केली.

‘ते खरे अनुयायी नव्हतेच’ हे ह्यावरचं हुकमी उत्तर. स्टालिन खरा मार्क्सवादी नव्हता, माओ नव्हता, सत्ता हाती आली की विचार मागे पडतो, वगैरे. पण हे वाक्य प्रत्येक गट दुसऱ्याबद्दल म्हणत आलाय, आणि खऱ्या-खोट्याचा निवाडा करायची सोय विचारधारेत कुठेच नसते. नेमकं इथेच समान विचाराचं विष आहे. परका माणूस आपलं ऐकत नाही तेव्हा तो फक्त विरोधक असतो. आपल्याच विचाराचा माणूस ऐकत नाही तेव्हा तो गद्दार ठरतो, आणि गद्दाराशी तडजोड करणंही गद्दारीच. आपल्याकडचा कम्युनिस्ट पक्ष १९६४ मध्ये फुटला, समाजवादी किती वेळा फुटले आणि जुळले ह्याचा हिशेब त्यांचा त्यांनाच ठाऊक, बाबासाहेबांच्या कल्पनेतला रिपब्लिकन पक्ष १९५७ मध्ये स्थापन झाला आणि काही वर्षांतच गटागटांत वाटला गेला. अगदी अलीकडे, २०२२ नंतर, मुंबईत एकाच नेत्याचा, एकाच विचाराचा वारसा सांगणारे दोन गट समोरासमोर आले, तेव्हा पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण कुणाचा हे निवडणूक आयोगाला सांगावं लागलं. त्यांच्यात एकमेकांबद्दल जी भाषा वापरली गेली, ती दोघांच्याही जुन्या विरोधकांच्या वाट्याला क्वचितच आली असेल.

मोठी उदाहरणं बघून हे सगळं सत्तेचं राजकारण वाटेल, म्हणून एक लहान उदाहरण देतो. आमच्या भागात काही वर्षांपूर्वी गणपती मंडळ फुटलं. शंभर पावलांवर दुसरा मांडव पडला. आरत्या त्याच, वेळ तीच, आणि दोन्हीकडचे कर्णे एकमेकांकडे तोंड करून. समेटाच्या बैठकीत एका तरुणाने वैतागून विचारलं, “अहो काका, गणपती एकच आहे ना आपला?” काका शांतपणे म्हणाले, “गणपती एकच आहे रे बाबा. पण कपाट कुणाचं?” लोखंडी कपाटात सतरंज्या होत्या, महाप्रसादाची पातेली होती, झांजा होत्या आणि तीन वर्षांची पावतीपुस्तकं होती. किल्ली खजिनदारांकडे, आणि खजिनदार कोण हे ठरवणारी सभा कधी नीट भरलेलीच नव्हती. बैठकीत संस्कृतीवर, लोकमान्यांवर, परप्रांतात मराठी माणसाने एकजूट ठेवण्यावर बरंच बोलून झालं. माना सगळ्यांनी डोलावल्या, जागचं कुणी हललं नाही. शेवटी सरकारी नोकरीत आयुष्यभर हिशेब बघितलेल्या एका काकूंनी वही मागवली आणि लिहायला सुरुवात केली. वर्गणीचा जमाखर्च रोज संध्याकाळी फळ्यावर. कपाटाला दोन कुलपं, किल्ल्या दोन घरांत. खजिनदार दर दोन वर्षांनी बदलायचा, आणि मतदान चिठ्ठ्या टाकून, हात वर करून नाही. कारण हात वर करताना शेजारी बघतो. ती दोन्ही घरं आजही एकमेकांकडे चहाला जात नाहीत. मांडव मात्र एकच पडतो.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायलाच हवं. विचाराशिवाय अनोळखी माणसं एकत्र येत नाहीत. स्वातंत्र्याच्या चळवळीत मद्रासचा माणूस आणि पेशावरचा माणूस एकाच दिवशी तुरुंगात गेला तो कुठल्या हिशेबामुळे नव्हे. घरदार सोडायला, लाठी खायला, नोकरीवर पाणी सोडायला नुसती घटना-नियमावली पुरत नाही. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर वारकरी संतांनी जे केलं ते राजे-महाराजांना जमलं नाही. शिंपी, कुंभार, माळी, सोनार, महार आणि ब्राह्मण ह्यांना त्यांनी एका वाळवंटात नाचायला लावलं, एकमेकांच्या पाया पडायला लावलं. ही किमया विचाराचीच. मी तिला कमी लेखत नाही, आणि जे लेखतात त्यांना आषाढीची वारी समजलेली नाही.

पण त्याच पंढरपुरात पुढे काय घडलं? चोखोबांची समाधी महाद्वारात, पायरीपाशी आहे. देवळाबाहेर. त्यांचे अभंग कीर्तनात रंगून म्हटले जात होते, त्यांच्या नावाने डोळे पुसले जात होते आणि त्यांच्या जातीच्या माणसाला सहाशे वर्षं विठोबाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकता येत नव्हतं. दरवाजा उघडायला मे १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. समतेचा विचार वाळवंटापर्यंत पोचला आणि दाराशी अडला, कारण दार कुणी उघडायचं, कुणाच्या अधिकारात, ही गोष्ट अभंगात ठरत नव्हती. ती देवळाचे पुजारी असलेल्या बडव्यांच्या हक्कात आणि गावकीत ठरत होती.

बडोद्याची गोष्ट तर आणखी बोचणारी आहे. सयाजीराव गायकवाडांएवढा सुधारक विचाराचा राजा त्या काळात शोधून सापडला नसता. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं. बाबासाहेबांना परदेशी शिकायला शिष्यवृत्तीही त्यांचीच. १९१७ मध्ये बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्यात आले आणि त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर काठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. त्यांनी दोन मित्रांना विचारलं. एक हिंदू, त्यांनी घरातल्या नोकरांची अडचण सांगितली. दुसरे ख्रिस्ती झालेले, मूळचे ब्राह्मण, विचाराने उदार. पण पत्नी जुन्या वळणाची, तिला हे चालणार नव्हतं. बाबासाहेब शहरातल्या बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. राजा सुधारक, मित्र सुधारक, धर्मांतरसुद्धा झालेलं. विचाराच्या बाबतीत आणखी काय हवं होतं? पण संस्थानाच्या नोकराला राहायला घर देणं हे कुणाचं तरी काम आहे असं ठरलेलं नव्हतं. विचार राजवाड्यात होता, आणि नाकारलं जात होतं ते स्वयंपाकघरात.

ह्याच्या उलट बाजूची उदाहरणं बघा. १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. तिच्यात डांग्यांचा कम्युनिस्ट पक्ष, एसेम जोशींचा प्रजा समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, दादासाहेब गायकवाडांचं शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि शिवाय कुणाच्याच दावणीला न बांधलेले अत्रे होते. ह्यांचा एकमेकांशी विचार जुळत होता असं म्हणणाऱ्याने त्यांची एकमेकांबद्दलची लेखनं वाचावीत. मागणी एकच होती, मुंबईसह महाराष्ट्र. त्यावर त्यांनी जागा वाटून घेतल्या, १९५७ ची निवडणूक लढवली, आणि १ मे १९६० ला राज्य झालं. (आम्ही माळव्यातले मराठी त्या नकाशाबाहेरच राहिलो, पण ते असो.) काम झाल्यावर समिती मोडली. मोडली हे तिचं अपयश म्हणून सांगितलं जातं. मला तो शहाणपणा वाटतो. सतत एकत्रच राहायचं असतं, हा हट्ट कुठून आला? संविधान सभेतही तसंच. सनातनी होते, समाजवादी होते, जमीनदार होते, आणि मसुदा समितीच्या अध्यक्षपदी काँग्रेसवर आयुष्यभर टीका केलेले आंबेडकर. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एवढे मतभेद असलेल्या माणसांनी विचार जुळण्याची वाट बघितली असती तर आपण अजून उद्देशिकेवरच अडकलो असतो.

युरोपाचं उदाहरण मात्र मी माझ्या बाजूने सरळ वापरू शकत नाही. १९५१ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीने आणखी चार देशांसह कोळसा आणि पोलाद एका सामायिक अधिकाराखाली आणलं, आणि ज्या दोन राष्ट्रांनी सत्तर वर्षांत तीन युद्धं केली त्यांच्यात पुन्हा युद्ध झालं नाही. पण ह्यामागचे तिघे मोठे नेते, फ्रान्सचे शूमन, जर्मनीचे आडेनाउअर आणि इटलीचे दे गास्पेरी, एकाच ख्रिस्ती लोकशाही विचाराचे होते. म्हणजे समान विचार होताच. हा मुद्दा खरा आहे आणि आमच्या वादात तो कुणी काढला नाही ह्याचं आश्चर्य वाटतं. माझं उत्तर एवढंच, की ख्रिस्ती असणं १९१४ मध्येही समान होतं, पण कोळशाच्या वह्या सामायिक नव्हत्या. आणि विचार अजिबात समान नसतानाही व्यवस्था टिकल्याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. १९६० चा सिंधू पाणीकरार १९६५, १९७१ आणि १९९९ अशा तीन युद्धांतून पार पडला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने तो स्थगित केला. म्हणजे करार अमर नसतात. पण एकमेकांच्या अस्तित्वाबद्दलच मतभेद असलेल्या दोन देशांत ह्या कराराने जेवढी वर्षं काढली, तेवढी मॉस्को आणि पेकिंग ह्यांची विचारबंधुता टिकली का?

प्राध्यापक महाशयांबद्दलही दोन शब्द. माणूस टोळीवाला आहे हे खरं असेल, पण त्यातून ते काढतात तो निष्कर्ष निघत नाही. १९५४ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका शिबिरात मुझफ्फर शेरीफ ह्या मानसशास्त्रज्ञाने बावीस मुलांचे दोन गट केले. मुलं मुद्दाम निवडलेली, एका वयाची, एका वर्गाची, एका धर्मपंथाची. स्पर्धा लावून दिली तर काही दिवसांतच झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, तर ताटातलं अन्न एकमेकांवर फेकलं. वैर कमी झालं ते शिबिराची पाण्याची टाकी बंद पडली आणि सगळ्यांनी मिळून खटपट केल्याशिवाय पाणी येणार नाही अशी वेळ आली तेव्हा. ह्या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली, शेरीफने परिस्थिती हवी तशी वळवली असंही म्हटलं गेलं, तेव्हा त्यावर इमले बांधू नयेत. पण सगळं सारखं असूनही मुलं भांडली, आणि सगळं तेच असताना गरज बदलताच निवळली, एवढं तरी त्यात दिसतं. टोळी हे नशीब असेल, पण टोळ्यांच्या सीमा रोज नव्याने आखल्या जातात, आणि आखणारी गोष्ट बहुधा पाणी, पैसा किंवा किल्ली असते.

एक आक्षेप उरतो, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. वादात एका तरुण मुलीने तो मांडला होता. ती म्हणाली, “काका, रीत-रीत म्हणताय, पण रीत ठरवणारे कोण? ज्यांच्या हातात किल्ली असते तेच ना?” बरोबर आहे. गावकीचीही रीतच होती, आणि तिनेच चोखोबांना दाराबाहेर ठेवलं. ज्याला बैठकीत बसायलाच जागा नाही त्याला दोन कुलपांचा काय उपयोग? इथे विचार लागतो. बाहेर ठेवलेल्याला आत घ्यायची मागणी हिशेबातून उगवत नाही, ती समतेच्या विचारातूनच येते, आणि तिच्यासाठी कुणीतरी उपोषणाला बसतं, कुणीतरी तळ्याचं पाणी प्यायला महाडला जातं. पण त्या विचाराने स्वतःला एक प्रश्न विचारत राहायला हवा. आत गेलेल्यांना तो काय देतो? आणखी एक शपथ, की मत, हिस्सा आणि हिशेब विचारायचा हक्क? १९५० नंतर अस्पृश्यतेविरुद्ध जे काही थोडंफार साधलं ते संविधानाच्या सतराव्या कलमामुळे, राखीव जागांमुळे, खटल्यांमुळे. सवर्णांचं हृदयपरिवर्तन झालं म्हणून नव्हे. ज्यांचं झालं त्यांना नमस्कार, पण त्यांची वाट बघत बसणं कुणाला परवडणार होतं?

आमच्या इंदुरात ह्याची साक्ष आहे. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. ५,८९५ कामगारांची देणी अडकली. ह्या गावात कम्युनिस्टांचा लाल झेंडा आणि काँग्रेसची कामगार संघटना इंटक ह्यांचं हाडवैर जुनं, मिलच्या चाळींत घराघरात ते मुरलेलं. १९६२ मध्ये ह्याच शहराने लाल झेंड्याच्या होमी दाजींना काँग्रेसला हरवून लोकसभेत पाठवलं होतं. मिल बंद झाल्यावर झेंडे राहिले, पण लढा देण्यांचा होता. तो कोर्टात गेला, दिवाळखोर कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या लिक्विडेटरकडे गेला, जमिनीच्या किमतीवर अडला, बँकांच्या दाव्यांवर अडला. कित्येक कामगार तोवर गेलेही, त्यांच्या बायकांनी आणि मुलांनी कागद पुढे नेले. २५ डिसेंबर २०२३ रोजी २२४ कोटी रुपये मंजूर झाल्याचं जाहीर झालं, आणि श्रेय कुणाचं ह्यावर सगळ्या झेंड्यांचे लोक लगेच भांडायला लागले. भांडोत बापडे. वाटपाची यादी करताना कुणाच्या दारावर कुठला झेंडा होता हा प्रश्नच नव्हता. मिल बंद पडली त्या दिवशी हजेरीपटावर कोण होतं, एवढंच बघायचं होतं.